सड्यावरच्या करवंदांची वाइन

आमच्याकडे कुणी पाहुणा आला आणि "वाइन? आणि कोकणात?" असं म्हणून हसला, की माझं डोकंच फिरतं. अरे, हसण्यासारखं काय आहे त्यात? आमचा आंबा चालतो, काजू चालतो, कोकमाच्या बाटल्या गाडीची डिकी भरून नेता, मग त्याच मातीतल्या करवंदाने तुमचं काय घोडं मारलंय? पण नाही. वाइन म्हटली की ती नाशिकची, नाहीतर परदेशातली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाने फार तर सरबत करावं आणि गप्प बसावं.

आमचे हे, म्हणजे भागोजी शिगवण, गप्प बसले नाहीत. तिथेच सगळं चुकलं म्हणा, किंवा तिथेच सगळं बरोबर होतं म्हणा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं गाव खेडच्या पुढे, लोट्याच्या अलीकडे. ह्यांची उभी हयात लोट्याच्या एका केमिकल कंपनीत गेली. ऑपरेटर होते. कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा, कुठली टाकी किती तापू द्यायची, हेच काम. कंपनीची बस पहाटे नाक्यावर यायची, आणि हे डबा घेऊन उभे. शेवटी शेवटी कंपनीने माणसं कमी करायला घेतली, तेव्हा ह्यांनी स्वतःहून नोकरी सोडली. मला वाटलं, आता घरी बसतील, चार नारळ लावतील, नातवंडांना खेळवतील. कुठचं काय! ह्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली, पिंप आणली, नळ्या आणल्या, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून रीतसर परवाना आणला, आणि मला म्हणाले, "गुणवंती, आपण फळांची वाइन करायची."

"म्हणजे दारू," मी म्हटलं.

"दारू नाय. वाइन."

"चढते ना?"

"थोडी."

"मग दारूच."

हा वाद आमच्यात पहिले सहा महिने रोज जेवताना झाला. नंतर मी कंटाळले, हे कंटाळले नाहीत.

गावात तर विचारूच नका. नाक्यावरचे पुरुष म्हणायचे, "भागोजी, ह्याने काय चढत नाय बा. ह्याच्यापेक्षा ताक बरं." बायका पाणवठ्यावर मला बघून कुजबुजायच्या की शिगवणांनी दारूचा धंदा काढला. पिणाऱ्यांच्या लेखी ते सरबत, न पिणाऱ्यांच्या लेखी ती दारू. मधल्या मध्ये आमचे हे. आमची वेदिका चिपळुणात दिलेली आहे. तिच्या सासरी तर आम्ही अजूनही 'फळप्रक्रिया' एवढंच सांगितलेलं आहे. व्याही विचारतात, काय म्हणते फळप्रक्रिया, आणि मी मान हलवते.

हे पिशवीत बाटल्या घालून समुद्रकाठच्या रिसॉर्टांवर जायचे. गुहागरपासून दापोलीपर्यंत सगळी पालथी घातली. एसटीने, वडापच्या जीपने, कधी कुणाच्या मोटारसायकलच्या मागे बसून. एका मॅनेजरने बाटली हातात घेऊन तिच्यावरचं 'जांभूळ' वाचलं आणि परत दिली. म्हणाला, "काका, आमचे गेस्ट मुंबईहून येतात. ते इथे येऊन इथलीच वाइन कशाला पितील?" आता बोला! इथला मासा खायला येतात, इथल्या भाकरीचे फोटो काढतात, आणि वाइन मात्र दुसरीकडची पाहिजे. मी तिथे असते तर त्याला चांगली ऐकवली असती. हे नमस्कार करून परत आले. आल्यावर पाणी पण मागितलं नाही, सरळ शेडमध्ये गेले.

त्यातल्याच एका हॉटेलात अक्षयाची गाठ पडली. पुण्याची मुलगी, तिशीतली. तीन-चार हॉटेलांसाठी वाइन निवडायचं काम करते. असं काम असतं हे मला तेव्हा कळलं. ती एवढंच म्हणाली, "काका, मी घरी येऊन चव घेते," आणि खरंच आली. आमच्या पडवीत बसली, जांभळाची वाइन पेल्यात फिरवली, वास घेतला, घोट घेतला, गालात घोळवला आणि बाजूच्या तांब्यात थुंकली!

माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरी येऊन, आमच्या तांब्यात, आमचीच वस्तू थुंकते म्हणजे काय? सासूबाई दाराशी बसल्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "गोड नाय झाली काय गो, बाय?"

अक्षया हसली. म्हणाली, "आजी, जास्तच गोड झाली." मग तिने समजावून सांगितलं, की दिवसात पन्नास ठिकाणची चव घ्यायची तर गिळून चालत नाही. आणि ह्यांना तिने सरळ तोंडावर सांगितलं, "काका, तुमचं काम स्वच्छ आहे. पण ही वाइन नाही झाली अजून. साखर कमी करा. पत्र्याखाली ठेवू नका, गार जागा बघा. आणि थांबा. वर्षभर तरी थांबा. तुम्ही घाई करता."

मला वाटलं हे हिरमुसतील. पण ती गेल्यावर हे पडवीत येरझाऱ्या घालत होते. इतक्या वर्षांत पहिलं माणूस भेटलं होतं ज्याने चढते का म्हणून विचारलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे ह्यांचं नाक. ह्यांना वास येत नाही. अजिबात येत नाही. कंपनीतल्या वाफांनी गेलं म्हणावं तर एक डॉक्टर सांगतो कोरोनात गेलं. दुसरा सांगतो आधीच गेलेलं असणार, तुम्हाला कळलं उशिरा. कशाने का असेना, गेलं. मी बांगडा तळत असले तरी ह्यांना पत्ता नसतो, ताट पुढे आलं की कळतं. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू, तुरट एवढंच काय ते लागतं. आणि अशा माणसाने वाइन करायला घेतली! मी कपाळावर हात मारून घेतला होता.

मग काम असं वाटून घेतलं गेलं. हात ह्यांचे आणि नाक माझं. दर रविवारी हे पिंपातून वाटीभर काढायचे आणि स्वयंपाकघरात घेऊन यायचे. "हात धू आधी. माशाचा वास जाऊ दे," हे म्हणायचे. मी पदराला हात पुसायचे, वाटीत नाक घालायचे आणि सांगायचे. आज भिजलेल्या पोत्यासारखा वास येतोय. आज बरा आहे. आज अंबाड्याच्या लोणच्यासारखा. हे ऐकायचे, पुन्हा विचारायचे आणि शेडमध्ये जाऊन काय करायचं ते करायचे. प्यायले मात्र मी कधी नाही. आमच्यात बायका पीत नाहीत, एवढंच त्याचं कारण. त्यांनीही कधी पी म्हटलं नाही.

अक्षया येऊन गेल्यावरच्या मे महिन्यात ह्यांनी करवंदं घेतली. आमच्या वाडीच्या वर सडा आहे. सडा म्हणजे नुसता कातळ, काळा-तांबडा, मैलभर पसरलेला, आणि कडेकडेने करवंदाच्या जाळ्या. सडा दुसऱ्या भावकीचा, पण करवंदं सगळ्यांची. करवंदाला कुणी कधी मालकी लावलेली नाही. आम्ही दोघं आणि वाडीतल्या चार बायका सकाळी लवकर वर जायचो, ऊन चढायच्या आत टोपल्या भरायचो. काटे लागून हात ओरबाडायचे, चिकाने बोटं एकमेकांना चिकटायची. तिथली करवंदं बारीक, खालच्या रानातल्यासारखी टपोरी नव्हेत, पण काळीभोर आणि एवढी रसाळ की ओठ दिवसभर रंगलेले. ह्यांनी ती कोमट पाण्यात तीन-तीनदा धुऊन चीक काढला. साखर हात आखडून घातली. आणि ह्या वेळी थांबले.

थांबले म्हणजे खरंच थांबले. पावसाळा गेला, थंडी गेली, पुन्हा उन्हाळा आला. दर रविवारी वाटी यायची. सुरुवातीला वास रागीट होता, नाकात जायचा. मग तो हळूहळू बसत गेला. एका रविवारी मी वाटीत नाक घातलं आणि काही बोललेच नाही. हे म्हणाले, "काय झालं? बिघडली?" मी म्हटलं, "नाही हो. चांगली आहे. पण कशासारखी आहे ते सांगता येत नाही मला."

"सांग ना, कशासारखी?"

"नाही सांगता येत म्हटलं ना! दुसऱ्या कशासारखी नाहीच आहे."

हे वाटी घेऊन गेले. नंतर वाटी त्यांनी धुतली नाही, फडक्याने झाकून ठेवली.

दरम्यान सडा विकला गेला होता. त्या भावकीतली निम्मी माणसं मुंबईला. सह्या कधी झाल्या ते आम्हाला कळलंच नाही. दिवाळीच्या सुमारास जेसीबी आले, करवंदाच्या जाळ्या मुळासकट काढल्या, कातळ फोडून रस्ता केला, तारेचं कुंपण घातलं. आता तिथे पाटी आहे, समुद्र दिसणाऱ्या प्लॉटची. समुद्र दिसत नाही तिथून. हवा एकदम स्वच्छ असली तर लोट्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. हे कुंपणापर्यंत जाऊन आले, आणि जेवायला बसले तर भात चिवडत बसले. घरात होती तेवढीच आता सड्याची करवंदं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

पुढच्या श्रावणात ह्यांनी ती बाटल्यांत भरली. पुण्याहून मागवलेल्या नव्या बाटल्या आल्याच नव्हत्या. रोज फोन, रोज उद्या. शेवटी हे वैतागले आणि घरातल्याच बाटल्या उकळून घेतल्या. कसल्या? सरबताच्या जुन्या, काचेच्या. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट बंद केल्या आणि माजघरात कणगीच्या पाठी ठेवल्या. तिथे जमीन शेणाने सारवलेली, उजेड नाही, भर उन्हाळ्यातही पाय गार पडतात. अक्षयाने गार जागा सांगितली होती, आणि घरात तेवढीच गार जागा.

त्याच गार जागेत, मागच्या ओळीत, सासूबाईंची आगळ असते. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस, सोलकढीचा. आगळ कुठल्या बाटल्यांत भरतात? सरबताच्या जुन्या, काचेच्या. झाकणाखाली? प्लास्टिकचा तुकडा, गाडीत सांडू नये म्हणून. रंग? काळपट लाल. आता पुढचं मी सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय माझा राग जायचा नाही.

गणपतीला माझे दीर आले, महिपत, भांडुपहून. बरोबर जाऊ मनिषा आणि दोन मुलं. गौरी-गणपती छान झाले. निघायच्या दिवशी घरात नेहमीची धांदल. आमच्याकडे मुंबईला जाणारा माणूस रिकाम्या हाताने गेलेला मी आजवर पाहिलेला नाही. वानवळा दिल्याशिवाय सासूबाईंना झोप लागत नाही. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुके बोंबील, फणसाच्या आठळ्या, नारळ, आणि आगळ. आगळ तर हवीच. त्या वर्षी कोकमं भरपूर झाली होती, म्हणून सासूबाईंचा हात आणखी सैल. सोनूबाई शिगवण म्हणजे वाडीत देण्याबद्दल नाव आहे! नुसत्या महिपतला देऊन त्यांचं भागलं नाही. वाडीत मुंबईहून आलेल्या सगळ्या पोरांना हाक मारमारून बाटल्या वाटल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, माजघरात अंधार. पुढची ओळ संपेपर्यंत बाई देत राहिल्या. मी तेव्हा गोठ्यात होते.

आणि त्या पिशव्या जीपमध्ये कुणी चढवल्या? आमच्या ह्यांनीच. "जड आहे रे, काय घातलंय आईने?" असं विचारत एकेक पिशवी उचलून, कपडे मध्ये घालून, फुटू नयेत म्हणून नीट बसवून ठेवल्या. खेड स्टेशनापर्यंत स्वतः सोडायला गेले. गाडी सुटेपर्यंत हात हलवत होते म्हणे.

नवरात्रात अक्षयाचा फोन आला. येत्या आठवड्यात येते, करवंदाची चव घ्यायचीच आहे, बरोबर हॉटेलचे मालकही असतील. हे एवढे खूश झाले, की दाढी केली. ती येणार पुढच्या आठवड्यात, दाढी आज! मग माजघरात गेले. बाटली घेऊन उजेडात आले, झाकण काढलं, पेल्यात थोडी ओतली. रंग बघितला. जिभेला लावली.

मी समोरच बसून भाजी चिरत होते. त्यांचा चेहरा बघून माझी विळी थांबली.

"खारट हाय," हे म्हणाले.

मी उठले, वास घेतला. आगळ. दुसरी बाटली उघडली. आगळ. तिसरी. आगळ. हे एकेक बाटली आणत होते, मी वास घेत होते आणि मान हलवत होते. शेवटी शेवटी मी मान पण हलवली नाही. ओटीवर उघड्या बाटल्यांची रांग लागली आणि हे त्यांच्यामध्ये मांडी घालून बसले.

सासूबाईंना विचारलं. "मी काय चोरी केली काय?" त्या उसळल्याच. "पोरं येवढी लांबून आलेली, त्यांना काय रिकाम्या हातानं लावून देऊ? आगळ दिली मी, आगळ! तुझी दारू मी कशाला हात लावू?"

"आई, ती दारू नाय," हे म्हणाले, इतक्या बारीक आवाजात की मला रडू आलं.

भांडुपला फोन लावला. मनिषा म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण ह्या वेळची आगळ काय बरोबर नव्हती. सोलकढी फाटली. रंग पण कसला, वांग्यासारखा. मीठ टाकून टाकून थकले मी. दोन बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. पण आमच्या शेजारचे भाऊजी तीन वाट्या प्यायले हो, अजून आहे का विचारत होते."

वाडीतला सूरज विरारला असतो. त्याला एकट्यालाच कळलं होतं. तो फोनवर ओरडलाच, "काका, जबरी होती! आम्ही मित्रांनी त्यात थंडा घालून संपवली एका बैठकीत. अजून पाठवा की!"

थंडा घालून. ह्यांनी फोन ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. मी मात्र दिवसभर बडबडत होते. मॅनेजरला, जेसीबीला, पुण्याच्या बाटलीवाल्याला, सूरजच्या मित्रांना, कुणाला म्हणून सोडलं नाही. सासूबाईंना काय बोलणार? त्या देवासमोर जाऊन बसल्या होत्या आणि उगाच तुळशीची वाळकी पानं वेचत होत्या.

अक्षया आली, मालक आले. ह्यांनी खरं ते सांगितलं. मालक पोट धरून हसले. अक्षया हसली नाही. तिने जांभळाची नवी वाइन चाखली, बरी आहे म्हणाली, आधीपेक्षा पुष्कळ बरी, पण अजून एक वर्ष थांबा. जाताना ह्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "काका, येत्या मे महिन्यात पुन्हा करा ना करवंदाची. मी येईन."

हे "हो" म्हणाले. काय सांगणार? बाजारात करवंदं मिळतात, रस्त्याच्या कडेला पानाच्या द्रोणात मिळतात, पण ती सड्याची नव्हेत. गाडी वळणापलीकडे गेली आणि हे शेडला कुलूप लावून आले. किल्ली खुंटीवर टांगली, ती शिमग्यापर्यंत कुणी काढली नाही.

शिमग्याला महिपत एकटाच आला. पालखी घरी आली, नाचली, पुढच्या घरी गेली. अंगणात गुलाल तसाच पडलेला. आम्ही सगळे ओटीवर टेकलो होतो, तेव्हा महिपतने पिशवीतून बाटली काढली आणि खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, ही एक राहिली होती. माळ्यावर होती, परवा साफसफाईत सापडली. उघडलेली नाय. मनिषा म्हणाली, दादाला नेऊन द्या."

सरबताची जुनी बाटली, झाकणाखाली प्लास्टिक. ह्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. उतरत्या उन्हाकडे धरली. मग म्हणाले, "अक्षयाला फोन लाव."

"कशाला?"

"बोलव तिला. नायतर मी पुण्याला घेऊन जातो."

"आणि तिने मागितल्या तर? आणखी कुठून आणणार आहात?"

"मागू दे नायतर नको मागू दे. एकदा म्हणू दे तिला, की ही वाइन हाय. कुणीतरी म्हणू दे की, गुणवंती."

इतके महिने पोटात दाबून ठेवलेलं माझं सगळं उसळलं. "कुणीतरी म्हणजे कोण हो? पुण्याचं माणूस म्हणालं तर वाइन, आणि मी म्हणाले तर काय? वर्षभर रविवार रविवार वाटीत नाक कुणी घातलं? मॅनेजरला पण बाहेरचंच पाहिजे, आणि तुम्हालाही बाहेरचंच पाहिजे! मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

महिपत उठून उभा राहिला. मी आत गेले आणि स्टीलचे पेले घेऊन आले.

"तू पिणार?" हे म्हणाले.

"का? नाक चालतं माझं, तोंड नाही चालत?"

ह्यांनी झाकण काढलं. आधी अंगणात उतरून चार थेंब मातीवर सांडले, राखणदाराच्या नावाने. सडा राखणारा तो, आता कुंपणाच्या आत आहे की बाहेर, कुणाला ठाऊक. मग पेल्यात ओतली. मी नेहमीसारखा आधी वास घेतला. मग घोट घेतला.

आधी आंबट लागली. मग करवंदाच्या सालीचा तुरटपणा. मग गिळल्यावर जे काही वर आलं ना, ते मी त्या रविवारी सांगू शकले नव्हते ते होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. एवढी चांगली गोष्ट बेसिनमध्ये ओतली. एवढी चांगली गोष्ट थंडा घालून प्यायली. आणि मी, जिच्या घरात ती वर्षभर होती, ती पहिल्यांदा चाखत होते, आणि एकच बाटली उरलेली.

"मला पण घाल गो थोडी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वाटी पुढे केली. एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि थुंकायचं की गिळायचं ह्याचा विचार करून गिळला. "मीठ घालायला इसारलास, भागोजी."

महिपतला हसू फुटलं. मग मला. ह्यांना मात्र नाही. ह्यांनी घोट घेतला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काय लागणार, आंबट आणि तुरट, एवढंच.

"सांग ना गो," हे म्हणाले. "कशाचा वास येतोय?"

"सड्याचा," मी म्हटलं. "आपण टोपल्या घेऊन उतरायचो ना, ऊन चढलेलं असायचं, कातळ तापलेला असायचा, तसा. बोटांना चीक लागलेला असायचा, तो. जाळीच्या खाली पाला सुकून पडलेला असायचा, त्याचा. तुम्ही घामाने भिजलेले असायचात आणि टोपली माझ्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर घ्यायचात, तेव्हाचा सगळा."

ह्यांनी डोळे मिटले आणि आणखी एक घोट घेतला. वर सड्यावर कुंपणाचे दिवे लागले.

"चांगली झालेली काय गो?"

"चांगली झालेली," मी म्हटलं. "लय चांगली झालेली हो."

"परत सांग," हे म्हणाले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, आणि हे डोळे मिटून पीत राहिले.